इंदूसाठी न वाजलेली घंटा

‘घंटेस तडा गेलेला असल्यामुळे ती योग्य वेळी वाजू शकली नाही, परिणामी स्पर्धक इंदू यांचा आपण जिंकल्याचा गैरसमज झाला.’ झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या क्रीडा समितीचे हे अधिकृत निवेदन. खाली सचिव सुभाषचंद्र यांची सही. निवेदनात विधाने दोनच आणि दोन्ही खोटी. एवढी काटकसर समितीने इतर कोणत्याही कामात दाखवल्याचे मला स्मरत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. ती तडा गेलेली, अपराधी घंटा मीच. आता प्रथम तड्याचे पाहू. ज्या काळ्या रेघेला समिती तडा म्हणते, ती तडा नव्हे. तो रंग आहे. गेल्या वर्षी सचिवांनी माझ्या पोटावर स्वतःचे नाव रंगवून घेतले, तेव्हा शेवटच्या अक्षरातून तो खाली ओघळला. दुसरे असे की, घंटा वेळेवर वाजत नसते. ती वाजवली जाते. व्याकरणात याला कर्ता म्हणतात आणि समित्यांना तो सहसा सापडत नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. मी गार झाल्यावर त्याने मला एकदा टोला दिला, कान लावला आणि ‘बोलत है’ एवढेच म्हणाला. याहून मोठे प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेले नाही. पुढे छावणीजवळच्या एका शाळेत मी अनेक वर्षे तास दिले. सकाळी मुले मला शिव्या देत आणि संध्याकाळी माझ्यावर प्रेम करीत; माझा आवाज मात्र दोन्ही वेळा तोच असे. मग शाळेत विजेची घंटा आली आणि मला मंडळाने आणून मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाला टांगले. तेव्हापासून मला वर्षातून एकच काम आहे. हिवाळ्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत सर्वांत पुढचा स्पर्धक शेवटच्या फेरीत शिरला की मी वाजायचे.

या एका कामाने मला पुष्कळ शिकवले. नीरज नावाचे बँकेतले एक गृहस्थ आरंभरेषेवरच पालथे पडले. उठले, चष्मा शोधला, सदऱ्याने पुसला आणि शेवटच्या वळणावर साऱ्यांना मागे टाकून गेले. बबीन्याच्या लष्करी छावणीतून आलेली एक सुभेदारीण पोटात कळ आली म्हणून अर्धी फेरी चालली आणि तरीही जिंकली. पुढे असलेल्याला माझा आवाज म्हणजे सुटका वाटते. मागून येणाऱ्याला तो हुकूम वाटतो. म्हणून, मित्रांनो, मी वाजेपर्यंत कोणाचेही अभिनंदन करू नये.

यंदा मंडळाने ते आधीच केले होते. शाल्मली जिंकणार हे ठरलेले होते आणि तिच्यासाठी हारही आणून ठेवला होता. जिंकणारी मंडळातर्फे भोपाळच्या स्पर्धेला जाणार होती, जागा एकच. ती जागा इंदूला हवी होती. इंदू मोठ नावाच्या जवळच्या गावी एका कार्यालयात नोकरीला; बस पकडण्यासाठी रोज पहाटे डबे-पिशव्या घेऊन धावते, म्हणून मंडळात तिला ‘मालगाडी’ म्हणत. पहिल्या फेरीत ती सर्वांत मागे होती. नंतर एकेकीला गाठत ती पुढे आली. कुंपणापलीकडचे लोक ओरडू लागले, “भग बिन्नू, भग!” म्हणजे पळ पोरी, पळ. शेवटच्या फेरीच्या तोंडाशी, अगदी माझ्यासमोर, तिने शाल्मलीला मागे टाकले.

आणि मी गप्प होते. कारण माझ्या दोरीपाशी सचिव आणि अध्यक्ष नारायणराव उभे होते.

“मान आपला, नारायणराव.”

“छे छे, सगळी मेहनत तुमची.”

“आपण वडीलधारे आहात.”

“नाही जी, पहले आप.”

महाराष्ट्राचा मानपान आणि उत्तरेची अदब एकाच दोरीला लोंबकळल्यावर घंटेने काय करावे? दोरी ओढली गेली तेव्हा समोर शाल्मली होती आणि तिच्या पुढे इंदूची पाठ. समितीने निष्कर्ष काढला की मालगाडी एक फेरी मागे आहे. अंतिम रेषेवर इंदू पहिली आली, तेव्हा सचिव ओरडले, “फीत खाली करा! हिची एक फेरी बाकी आहे!” फीत खाली झाली, इंदू तिच्यावरून गेली आणि शाल्मलीसाठी फीत पुन्हा वर झाली. वाद घालायला श्वास लागतो; इंदूकडे तो उरलेला नव्हता. ती आणखी एक फेरी धावली. अशा रीतीने ती शर्यत जिंकली आणि शेवटचीही आली.

पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली सभा भरली. विषय दोन: शाल्मलीला भोपाळला पाठवणे आणि मला भंगारात पाठवणे.

शाल्मलीच उभी राहिली. “काका, मी इंदूताईंना एकदाही ओलांडलं नाही. मग त्या एक फेरी मागे पडल्या कशा?”

“बेटा, तू थकली होतीस,” सचिव म्हणाले. “घंटेचाच दोष तो.”

इंदूच्या सासूबाई, बकुळाबाई, पदर खोचून पुढे आल्या. “मग वाजवून दाखवा की! तडा असेल तर कळेलच.”

सचिव दोरीपाशी आले आणि सवयीने वळले. “नारायणराव, मान आपला.”

“छे छे, आपण सचिव.”

“आपल्यासमोर मी कसा—”

“इंदू, धाव गं!” बकुळाबाई कडाडल्या. “यांचं होईतो अजून एक फेरी होईल तुझी!”

सगळी सभा हसली. इंदू हसली नाही. ती उठली, दोघांच्या मधून गेली आणि तिने दोरी ओढली. मी बोलले, छावणीच्या पलीकडेही ऐकू गेले असेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूला दोष देण्यापूर्वी ती एकदा वाजवून पाहा. तिची कुजलेली दोरी बदला, तिच्यावर स्वतःचे नाव रंगवू नका आणि मागून येणाऱ्यावर नजर ठेवा. भोपाळला इंदू जात आहे. मी कडुनिंबावरच आहे. मी वाजल्यावर सभेपुढे सचिव जे बोलले, ते शब्दशः असे:

“घंटा चांगली आहे. इंदू पुढे गेली ते मी पाहिलं होतं. पण नारायणराव ‘आपणच वाजवा’ म्हणत होते, मध्येच त्यांना कसं तोडणार? आणि खरं सांगू का, ती पहिली येईल हे आमच्या कार्यक्रमात नव्हतं.”