चार कड्यांचे कुलूप

किल्ली नसलेले कुलूप तुम्ही कधी पाहिले आहे का, मित्रांनो? मी तसले एक जुने पितळी कुलूप आहे. माझ्या अंगावर चार फिरत्या कड्या आहेत आणि प्रत्येक कडीवर इंग्रजीची सगळी अक्षरे आहेत. ठरलेला चार अक्षरी शब्द एका ओळीत जुळला की माझ्या डोक्यावरचा वाकडा आकडा सुटतो. एरवी कितीही ओढा, काही उपयोग नाही.

माझा जन्म पितळकामाच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक मावशी दिवसभर बसून ठशांनी अक्षरे ठोकत असत. त्यांचा क्यू नेहमी जरा तिरका पडे. तो माझ्या चारही कड्यांवर तसाच आहे.

पुढे एका घड्याळजींनी मला विकत घेतले आणि आपल्या हत्यारांच्या पेटीला लावले. तेव्हापासून ते माझे मालक. पेटीत चिमटे, बारीक स्क्रू ड्रायव्हर, ब्रश असे सामान असे. रोज सकाळी मालक अंगठ्याने चार कड्या फिरवत आणि बोलता बोलताच मला उघडत. ते बघून गिऱ्हाइके कौतुक करत. त्यांची मुले माझ्या कड्यांवर काहीबाही जुळवून बघत. गल्लीतला पोस्टमन तर येता-जाता एकदा नशीब आजमावी आणि आजही नाही म्हणायचे, असे पुटपुटत पुढे जाई. मला तेव्हा थोडी ऐट होती, हे मान्य करायला हवे.

मग मालक आजारी पडले. दुकान पुष्कळ दिवस बंद राहिले. माझ्या अंगावर हिरवट थर चढला. बरे होऊन मालक आले, माझ्यावर अंगठा ठेवला आणि तसेच थांबले. शब्द आठवेना.

बाकी सगळे ठीक होते. माणसे ओळखत होते. घड्याळ कानाशी धरून त्याचे दुखणे सांगत होते. पण शब्द गेला तो गेलाच. त्यांचा मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. तो म्हणाला, "बाबा, आज शब्द विसरलात. उद्या कुणाचं घड्याळ कुणाच्या हातात द्याल." मला कापून पेटी उघडायची, हत्यारे दुसऱ्या कारागिराला द्यायची आणि मालकांनी आता घरी आराम करायचा, असे त्याने ठरवले. रविवारी दुपारी कुलूपवाला कटर घेऊन घरी येणार होता. मालक त्या दिवशी जेवता जेवता लवकर उठले.

रविवारी सकाळी पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. मालकांनी खिशातले भिंग डोळ्याला लावले, मला रुमालाने पुसले आणि कडीन् कडी फिरवून बघितली. मग सुनेला जवळ बोलावून सांगितले की पहिल्या कडीवरचा एस आणि तिसऱ्या कडीवरचा ए बाकीच्या अक्षरांपेक्षा झिजलेला आहे. अंगठा रोज तिथेच दाबला जात असणार. उरलेल्या दोन कड्यांचे काही सांगता येत नव्हते आणि त्या अंदाजाने फिरवत बसायचे तर दिवस मावळला असता.

सुनेला पेपरातल्या इंग्रजी शब्दकोड्यांचा भारी नाद. भाजी करपली तरी चालेल, पण हिची चौकट रिकामी राहता कामा नये, असे सासूबाई म्हणत. तिने शेंगा मोडता मोडता शब्द काढायला सुरुवात केली. स्टार. लावून बघितला, नाही. सीट, नाही. स्वॉन, सील, स्लॅप, तेही नाहीत. प्रत्येक शब्दाला मालकांचा चेहरा थोडा आणखी उतरत होता. यातला एखादा ओळखीचा वाटतो का, असे तिने विचारले.

"सगळेच वाटतात," मालक म्हणाले, "आणि एकही वाटत नाही."

मुलगा सारखा दाराकडे बघत होता.

"सोपसुद्धा होतो," सून म्हणाली, "पण तो राहू दे. घड्याळाच्या दुकानात साबणाचं काय काम."

मालकीणबाई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तो लाव," त्या म्हणाल्या. "तो माझा आहे."

झाले होते असे. मोठ्या वयात बाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊन अक्षरे शिकत होत्या. एके दिवशी साबणाच्या वेष्टनावरचा शब्द त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय वाचला. तो त्यांचा पहिला इंग्रजी शब्द. त्याच सुमारास मालक मला घेऊन घरी आले आणि चार अक्षरांचा एखादा शब्द सांग म्हणाले. बाईंनी तोच सांगितला. मालक इतके हसले की बाईंना वाटले, नंतर त्यांनी काहीतरी बरासा शब्द लावला असेल. बाईंनी पुन्हा कधी विचारले नाही. आणि आता सगळे घर शब्द शोधत असताना बाईंनाही कुणी विचारले नव्हते.

सुनेने कड्या फिरवल्या. एस, ओ, ए, पी. माझा आकडा सुटला.

"आठवलं ना, बाबा?" मुलाने विचारले.

हो म्हणणे सोपे होते. मालकांनी भिंग खिशात ठेवले.

"नाही. अजून नाही आठवलं. झीज मला दिसली, तेवढी माझी. शब्द हिचा."

मुलगा आईकडे बघू लागला. बाई म्हणाल्या, "मी बसते दुकानात. शब्द मी लावीन, हत्यारं ते चालवतील. कुणाचं घड्याळ कुठलं, ते चिठ्ठी बांधून मी सांभाळीन. का त्यालाही कुलूपवालाच बोलवायचाय?"

मुलाने बाहेर जाऊन कुलूपवाल्याला येऊ नका म्हणून फोन केला.

आता आमचे दुकान पुन्हा चालू आहे. जुना शब्द घरभर झाला, म्हणून बाईंनी नवा बसवला आणि तो त्या रोज मालकांच्या कानात सांगतात. मालक तो संध्याकाळपर्यंत विसरतात. सकाळी बाई मला उघडतात आणि पेटीचे झाकण वर झाले की मालकांच्या हातांना कुणी काही सांगावे लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी विसरायला लागले, तर त्याच्या हातातले काम लगेच काढून घेऊ नका. आधी कुणीतरी त्याच्या शेजारी बसा. आणि माझ्यासारखे एखादे कुलूप अडले, तर कटर आणण्याआधी तेलाचा एक थेंब सोडून थोडे थांबा.