कोपऱ्यावरची मोजणी

आभाने हिरवी ओढणी काढून पिवळी घेतली, लेकीच्या, गार्गीच्या, डोक्यावर लोकरीची टोपी चढवली आणि ती पुन्हा कोपऱ्याकडे निघाली. जिन्यातच समोरच्या फ्लॅटमधली मोहिनी धापा टाकत वर येताना भेटली. एका हाताला तिचा मुलगा, दुसऱ्या हाताला खालच्या शिंप्याची पोरगी.

"माझ्या चपलेचा अंगठा तुटला गं," मोहिनी म्हणाली. "आता कालच्यासारखं सासूबाईंनाच पाठवते. बरोबर ह्या दोघांनाच देते, स्वेटर बदलून."

"त्या काही म्हणाल्या नाहीत?"

"म्हणाल्या, दिवाळी झाल्यावर प्रदक्षिणा कसली? म्हटलं, घाला, पुण्य लागतं."

आभाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो ती दोन पायऱ्या खाली उतरली होती.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या इमारतीतलं कोपऱ्याचं दुकान उन्हाळ्यापासून बंद होतं. मालक बाळाजीकाका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन पहिल्या मजल्यावर राहायला आलेले. दुकानाला दोन गिऱ्हाइकं होती. झुंबरशेठना तिथे परमिट रूम काढायची होती. दुसरी ती परदेशी बर्गरवाली कंपनी. मुंबई-पुण्यात तिची दुकानं थाटलेली होती, नाशकात ती अजून जागा बघत होती. झुंबरशेठ आजच किल्ली घ्यायला तयार होते. कंपनीचं म्हणणं, आधी रस्त्यावरून जाणारी माणसं मोजू, मग बोलू.

"कंपनी हो म्हणाली तर कंपनी," बाळाजीकाकांनी आभाला सांगितलं होतं. "नाहीतर रविवारी मी झुंबरशेठला शब्द देणार. माणूस वाईट नाही हो तो. आणि बंद दुकान मी तरी किती दिवस झाडत बसू?"

त्याच संध्याकाळी आभा पलीकडच्या रस्त्यावरच्या परमिट रूमसमोर, औषधाच्या दुकानात उगाच खोकल्याच्या बाटल्या वाचत उभी राहिली होती. आडव्यातिडव्या लावलेल्या मोटरसायकली, पायरीवर शेंगांची टरफलं, मोठ्याने हसणारे लोक. शाळकरी मुली तिथवर आल्या की न बोलता रस्ता ओलांडून पलीकडे जात होत्या. आभाच्या इमारतीतल्यांना पलीकडे जायला जागाच नव्हती. जिना दुकानाच्या शटरला लागूनच होता आणि गार्गीची बालवाडी, पुढे शाळा, पुढे क्लास, सगळं त्याच जिन्यावरून असणार होतं.

आणि कंपनीने मोजणीला आठवडा निवडला तो भाऊबीजेनंतरचा! दिवाळीची सुट्टी, सगळ्या लेकुरवाळ्या माहेरी. मुंबईत बसून ज्याने कोणी तारखा काढल्या, त्याला हे कोण सांगणार? कॉलनीत उरल्या त्या मोहिनी, जिचं माहेर पंचवटीत, म्हणजे रिक्षाच्या अंतरावर, आणि आभा, जिने जळगावला जाणं पुढे ढकललं होतं. "दुकान कोणाचं, घोर कोणाला!" असं म्हणून आईने फोन आपटला होता. नवऱ्याला, विश्वेशला, तिने आकडा वाढवायच्या ह्या फेऱ्यांचं काहीच सांगितलं नव्हतं. कॉलेजात बाजारपेठेचे पेपर लिहून पहिला वर्ग मिळवलेली आपली बायको ओढण्या बदलून रस्त्यावर फिरते, हे ऐकून तो नक्कीच हसला असता.

पानाच्या टपरीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मोजणीचा माणूस बसला होता. भिकन त्याचं नाव, सटाण्याकडचा. मुठीत मावेल एवढं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टक् वाजायचं. शटरपुढे कंपनीने प्लायवूडचा एक रंगीत हत्ती आणून उभा केला होता. त्याच्या पोटाला लहान मूल आरपार जाईल एवढं भोक होतं. जाहिरात असेल, असं म्हणून बायका त्याच्याकडे न बघताच पुढे जात.

आभा खाली मान घालून झपाझप चालली. टक्, टक्. दोन टक् कानावर आले तसा तिचा श्वास मोकळा झाला.

"ताई," मागून हाक आली. "पिवळी ओढणी पण चांगली दिसती."

ती जागच्या जागी थांबली.

"घाबरू नका. मी दाबलंय. आम्हाला चेहरे नाय मोजायचे, जाणारे मोजायचे. एक माणूस दहादा गेला तर दहा." भिकनने शेजारचं स्टूल रुमालाने पुसून पुढे सरकवलं. "बसा. आजी कालच बसल्या होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं, शेठचं बी."

"कोण आजी?"

"मोहिनीताईंच्या सासूबाई. गुडघे दुखत होते त्यांचे."

आभा बसली नाही. पण गार्गीला जवळ ओढून उभी राहिली.

"मग जमतंय का? आकडा होईल ना तुमच्या कंपनीला हवा तेवढा?"

भिकनने मूठ उघडून यंत्र दाखवलं आणि मग शर्टाच्या खिशातून तसंच दुसरं काढलं. "आकडा ह्याचा झालाय. ह्याचा नाय."

"हे कशाचं?"

"थांबणाऱ्या लेकरांचं." त्याने हनुवटीने हत्तीकडे खूण केली. "तो काय शोभेला नाय आणला. मोठ्या माणसाच्या मागं लागायचंच नाय, असं शिकवलंय आम्हाला. लेकरू थांबलं की आई थांबती. आई थांबली की रविवारी बाप गाडी काढतो. किती लेकरं आईचा हात ओढून हत्तीकडं जातात, तेवढंच साहेब बघतो. बाकी रस्त्यानं काय, म्हशी बी जातात."

"आणि किती गेली?"

"टपरीवाल्याचा नातू गेला. शिंप्याची पोरगी जाणार होती, तर मोहिनीताईंनी दंडाला धरून पुढं नेली. घाईत होत्या." तो गार्गीकडे वळला. "तुमची तर लय शहाणी, ताई. हत्तीकडं बघत पण नाय. एवढं शहाणं लेकरू मी नाय पाहिलं."

एरवी हे ऐकून आभा सुखावली असती. नातेवाइकांत गार्गीचं हेच कौतुक व्हायचं: दुकानात काही मागत नाही, रस्त्यात हात सोडत नाही, नको म्हटलं की नको. त्यासाठी आभाने काय काय केलं होतं ते तिचं तिला ठाऊक. फुग्यासाठी रस्त्यात बसलेल्या मुलीला एकदा तिने तशीच सोडून झाडाआडून पाहिलं होतं, आई दिसत नाही म्हणून तिचं रडं घशातच थांबेपर्यंत.

"तुम्ही थोडं दाबून नाही टाकू शकत?" तिने हळूच विचारलं.

"दाबता येईल. पण मग दुकान येईल आणि लेकरं नाय येणार. सहा महिन्यांत बंद. तेव्हा शेठ परत हायेच." त्याचा आवाज मऊ होता. "आज शेवटचा दिवस. उजेड हाय तोवर बसतो मी."

आभा गार्गीपुढे उकिडवी बसली.

"तो हत्ती बघायचाय तुला?"

"नको."

"का गं? छान आहे."

"तू रागावशील."

"नाही रागावणार. तू हट्ट कर. मला ओढ. म्हण, मला जायचंच आहे."

गार्गीने आईकडे पाहिलं, टोपी कपाळावरून वर सरकवली. मग तिने विचारलं,

"रडायचं पण का?"

भिकनने मान वळवून टपरीवाल्याकडे चुना मागितला. आभाने मुलीचा हात सोडला. सुटल्यावरही तो इवलासा पंजा तसाच वर राहिला, कुणीतरी धरल्यासारखा. मग गार्गीने हत्तीकडे एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आणि परवानगीसाठी मागे वळली.

तिचं तिला ठरवू दे म्हणून आभाने तोंड फिरवलं. समोर रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती तिकडेच बघत राहिली, मागे वळायचं नाही म्हणून दोन्ही हातांनी ओढणीची टोकं घट्ट धरून.