जी नावे मी उच्चारली नाहीत

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझे अंग लोखंडी, डोक्यावर चंदेरी जाळी आणि शेपटीसारखी लांब काळी वायर. जाळीला एका बाजूने पोचा आलेला आहे, कारण एका सत्काराच्या वेळी एका मुलाने आनंदाच्या भरात मला खाली पाडले होते. त्याचा राग माझ्या मनात नाही. पहिला नंबर आलेला मुलगा माईक घट्ट धरून उभा राहील, अशी अपेक्षा करणेच चूक.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवते ती सीताबर्डीतली दुकानाची काच. तिच्यामागे मी बरेच दिवस पडून होतो. मग एके दिवशी पुष्पलताबाई आणि बाबनराव आले. पुष्पलताबाई एका पतसंस्थेच्या व्यवस्थापक आणि बाबनराव तिचे अध्यक्ष. बाबनरावांनी भाव पाडण्यासाठी माझ्यात दोष काढायला सुरुवात केली. वायर आखूड आहे, बटण सैल आहे, आवाज घोगरा आहे. पुष्पलताबाईंनी मला हातात घेतले, तोंडाजवळ धरले आणि अगदी हळू म्हणाल्या, "ऐकू येतं का?" दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला नोकर म्हणाला, "हो जी." तेवढ्यावर माझी खरेदी झाली.

पतसंस्था म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. एका वस्तीतले लोक आपली थोडी थोडी बचत एकत्र ठेवतात आणि त्यातून गरजेला एकमेकांना कर्ज देतात. आमची पतसंस्था गोळीबार चौकाजवळच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. ती हातमागावर विणणाऱ्या कुटुंबांनी सुरू केली. आता माग फार थोड्या घरांत उरले आहेत. कोणी ई-रिक्षा चालवतो, कोणी दवाखान्यात नोकरी करतो, कोणी फुटपाथवर कपडे विकतो. पण मला गुंडाळून ठेवायचा पंचा अजून हातमागावरचाच आहे.

माझे खरे काम वर्षातून एकदाच, वार्षिक आमसभेला. बाकीचे दिवस मी व्यवस्थापकांच्या खोलीतल्या कपाटात असे. त्या कपाटाचे दार पूर्ण लागत नव्हते. ऐकणे हाच माझा धंदा, त्यामुळे मला कंटाळा कधी आला नाही.

आमसभा एका शाळेच्या सभागृहात होई. लोक अहवाल ऐकायला कमी आणि भेट म्हणून मिळणारा स्टीलचा डबा न्यायला जास्त येत. पुष्पलताबाईंना हे पक्के माहीत होते, म्हणून त्या डबे शेवटी वाटत. वर्षभराची प्रगती त्याच वाचून दाखवत. आकडा वाचला की थांबत, आणि तो आकडा कुणाच्या घरी राहतो ते सांगत. ठेवी वाढल्या, म्हणजे यंदा आपण लग्नांत जेवणावळी जरा आवरत्या घेतल्या. कर्जवाटप वाढले, म्हणजे कुठे शिलाई मशीन आली, कुठे मुलाची डिप्लोमाची फी भरली गेली. एका वर्षी त्या म्हणाल्या की एका सभासदाने कर्ज काढून मोटारसायकल घेतली आणि ती दाराशी पंक्चर उभी आहे, हेही अहवालात लिहायला हवे. सगळे मागे वळून नत्थूकडे पाहू लागले. नत्थू बसल्या जागेवरून म्हणाला, "गाडी बंद आहे, पण हप्ता तं चालू आहे ना, ताई." त्या वर्षी अहवाल सर्वांच्या लक्षात राहिला.

लोक मला हातात घेतात तेव्हा आवाज चढवतात. पुष्पलताबाई आवाज उतरवत. मला त्याचे फार बरे वाटे. हळू बोललेले दूरवर पोचवणे यासाठीच तर माझा जन्म आहे.

शनिवारी दुपारी त्या सभासदांना घेऊन बसत. घरात काय येते, कुठे जाते, काय टाळता येईल, हे सगळे विचारत. फोनवर बोट लावताच मिळणाऱ्या कर्जाच्या नादी लागलेल्या दोन-तीन घरांना त्यांनी अशाच दुपारी बाहेर काढले. मी कपाटातून ऐकत असे. त्या कुणाला रागावल्याचे मी ऐकले नाही. समोरचा माणूस रडू लागला, तर त्या पंखा वाढवण्याच्या निमित्ताने उठत.

मग एक अवघड वर्ष आले. शहरातली एक दुसरी पतसंस्था बुडाली. आमचे ठेवीदार घाबरले आणि ठेवी काढायची भाषा करू लागले. त्याच वर्षी आमच्याकडे काही सभासदांचे हप्ते थकले. संचालक मंडळाने ठराव केला की येत्या आमसभेत थकबाकीदारांची नावे माईकवरून वाचायची. माईक म्हणजे मी.

बाबनराव हे सांगायला पुष्पलताबाईंच्या खोलीत आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाची पुंजी याच संस्थेत होती, आणि गल्लीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची पुंजी तिथे त्यांच्या शब्दावर ठेवलेली होती.

"नाव वाचलं का पैसा येते, ताई," ते म्हणाले. "लाजेनं भल्याभल्याचा खिसा उघडते. अन् ठेवीदाराले मी काय सांगू? तिकडे रांगा लागल्या, पाहिलं ना तुम्ही?"

"लाजेनं खिसा नाही उघडत, भाऊ. दार बंद होते," पुष्पलताबाई म्हणाल्या. "अन् बंद दाराच्या माणसाकडून मी वसुली कशी करू?"

बाबनरावांनी मान डोलावली, पण ठराव कायम राहिला.

यादीत पहिले नाव भीमाबाईचे होते. सीताबर्डीच्या फुटपाथवर ती लहान मुलांचे कपडे विकायची. शाळा सुरू होण्याआधी माल भरायला तिने कर्ज घेतले होते, जामीन होता नत्थू. मग तिच्या जागेसमोरचा रस्ता कामासाठी खणला गेला आणि महिनोन् महिने तिथे गिऱ्हाईक फिरकले नाही. सुरुवातीचे हप्ते तिने घरातल्या बचतीतून भरले. बचत संपल्यावर ती आमच्या गल्लीतून येईनाशी झाली. बाजाराला जायची तर लांबच्या रस्त्याने.

त्याच सभेत गुणवंत मुलांचा सत्कार होता. त्या यादीत भीमाबाईची मुलगी मोनाली होती. बारावीत ती तिच्या कॉलेजात पहिली आली होती. मित्रांनो, कार्यक्रमाचा क्रम असा होता की आधी अहवाल, मग थकबाकीदारांची नावे आणि शेवटी सत्कार. म्हणजे ज्या सभागृहात आईचे नाव पुकारले जाणार, त्याच सभागृहात थोड्या वेळाने मुलीने व्यासपीठावर जायचे. आणि दोन्ही नावे माझ्याच तोंडून.

सभेच्या आदल्या शनिवारी पुष्पलताबाईंनी निरोप पाठवून भीमाबाईला बोलावले. ती आली, पण खुर्चीच्या कडेवरच बसली. पुष्पलताबाईंनी ठरावाबद्दल लपवले नाही.

भीमाबाई म्हणाली, "माझं नाव वाचा जी. खोटं थोडीच आहे. पण पोरीचं नाव त्या दिवशी काटून टाका. तिले मी घरीच ठेवतो."

"नाव तिनं कमावलं वं," पुष्पलताबाई म्हणाल्या. "ते काटणारी मी कोण? तू तिले घेऊन ये."

"अन् माझं नाव?"

पुष्पलताबाईंनी तिला दारापर्यंत सोडले. ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडले, मला बाहेर काढले, पंच्याने पुसले आणि पुन्हा आत ठेवले. खरे तर मी स्वच्छच होतो.

सभेच्या दिवशी सभागृह भरले होते. मोनाली दुसऱ्या ओळीत, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कुर्त्यात बसली होती. तिच्या शेजारी भीमाबाई. यादीतले बाकीचे कुणीच आलेले नव्हते. पुष्पलताबाईंनी अहवाल वाचला. नंतर त्यांनी यादीचा कागद हातात घेतला आणि नेहमीसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुढचा विषय थकबाकीदारांच्या नावांचा आहे. ठराव संचालक मंडळाचा आहे. माझा विरोध मी लेखी दिला आहे. मी ही नावे वाचणार नाही. अध्यक्षांना वाटत असेल तर त्यांनी वाचावीत."

व्यवस्थापक ही शेवटी पगारी नोकर असते. असे भर सभेत बोलल्यावर नोकरी राहील की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी कागद आणि मला बाबनरावांच्या हातात दिले, आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

बाबनरावांनी मला तोंडाजवळ आणले. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता. मी काय करणार होतो? मला नकार देता येत नाही. शुभेच्छा असो की बदनामी, माझ्यात येईल ते मोठे होऊनच बाहेर पडते. बाबनरावांनी कागदावरून नजर वर केली. समोर मोनाली होती. तिने मान खाली घातलेली नव्हती. ती त्यांच्याकडेच पाहत होती. बाबनरावांनी पुन्हा कागदाकडे पाहिले.

"थांबा भाऊ," भीमाबाई उठून म्हणाली. "माझं नाव मीच सांगतो."

ती व्यासपीठावर आली. तिने मला पोटाशी धरले, त्यामुळे पहिले शब्द कुणाला ऐकूच गेले नाहीत. पुष्पलताबाईंनी उठून तिचे मनगट वर केले आणि त्या बाजूला झाल्या.

"मी भीमाबाई. माझे हप्ते थकले. रस्ता खंदला तं दुकान बसलं. मी पळून नाही गेली, पण या गल्लीतून येणं सोडलं, हे खरं आहे. मले माफी नको. हप्ता लहान करा अन् मुदत द्या. पैसा तुमचा आहे, तो मी देतो."

तिचा आवाज थरथरत होता. मी तो जसाच्या तसा पोचवला.

मागून नत्थू म्हणाला, "जामीन मी आहो. मले भेव नाही वाटत, तं तुमाले काहून वाटते?"

थोडे लोक हसले. मग पार्वतीबाई उभ्या राहिल्या. त्यांची आयुष्यभराची ठेव संस्थेत होती आणि ती काढून घ्यावी असे त्यांच्या मुलाचे मत होते. त्यांनी विचारले, यादीतले बाकीचे कुठे आहेत? बाबनराव म्हणाले, आले नाहीत. "मंग नावं वाचून कोणाले ऐकवता?" पार्वतीबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाबनरावांनी यादीची घडी घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्यानंतर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सभेने ठरवले की नावे वाचायची नाहीत. थकलेल्या प्रत्येकाने व्यवस्थापकांसोबत बसून झेपेल असा हप्ता बांधून घ्यायचा, आणि संस्थेला तोशीस पडू नये म्हणून यंदा लाभांश कमी घ्यायचा. हे सगळ्यांना आवडले असे नाही. एकाने तर डबाही लहान आणला काय, असे विचारले.

सत्काराची नावे त्या दिवशी बाबनरावांनी वाचली. मोनालीचे नाव त्यांनी दोनदा वाचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भीमाबाईला वाजवता आल्या नाहीत. तिच्या एका हातात मुलीची पर्स होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

यानंतर सगळे लोक आले आणि सगळे पैसे आले, असे सांगितले तर ते खोटे होईल. भीमाबाई आधी आली. मग एकेक जण येऊ लागला. एक कुटुंब गाव सोडून गेले, त्याचा पत्ता लागला नाही. पुढच्या आमसभेत पुष्पलताबाईंनी वाचले की थकबाकी कमी झाली आहे. नेहमीप्रमाणे थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे काही लोक आता जवळच्या रस्त्याने बाजाराला जाऊ लागले." पार्वतीबाईंची ठेव अजून संस्थेतच आहे.

या वर्षी होळीच्या सुमारास पुष्पलताबाई गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. संस्थेने आता बिनवायरीचे नवे माईक घेतले आहेत. यंदा संचालक मंडळाच्या बैठकीत एका तरुण संचालकाने सुचवले की थकबाकीदारांची नावे सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावीत. मी कपाटातच होतो. बाबनराव आता थकले आहेत, हळू बोलतात. त्यांनी विचारले, "घरी जाऊन भेटला का तू त्यायले?" तो म्हणाला, नाही. "मंग ग्रुपवर काहून?" त्यांनी विषय तिथेच संपवला. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने गाडी काढली आणि तो एकेका घरी जाऊन आला.

संस्थेने मला पुष्पलताबाईंच्या मुलीला, ऋतुजाला दिले आहे. तिने घरी नेऊन मला टेबलावर ठेवले. माझी जाळी फिरवून उघडली. आतल्या स्पंजात बोलणाऱ्यांच्या श्वासाचा ओलावा वर्षानुवर्षे मुरलेला असतो, तो धुवावा लागतो. तिने वाटीत साबणाचे पाणी करून ठेवले होते. पण स्पंज हातात घेऊन ती नुसती बसून राहिली. मग तिने तो तसाच आत ठेवला, जाळी घट्ट लावली आणि वाटीतले पाणी ओतून दिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू नीट ठेवा, वायर ओढू नका, हातातून पाडू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या हातात आता माझ्याहून कितीतरी मोठे माईक आहेत, खिशात मावणारे. कुणाची अडचण, कुणाची नामुष्की त्यात येऊन पडेल आणि ती पुढे पोचवायला तुम्हाला सांगितले जाईल. मला नाही म्हणता येत नव्हते. तुम्हाला येते.