बदलीचे हात

सकाळचे सात वाजले होते. जावातल्या वोनोसारेन गावच्या स्टेशनसमोर लास्त्रीची भात-पेचेलची, म्हणजे भात आणि शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांची, टपरी उघडली होती आणि तिची थोरली लेक वेनिंग कढईत तेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळत होती. कढई डुगडुगत होती म्हणून तिने डाव्या हाताने कड धरली होती. उजव्या हातातला झारा शांतपणे चालू होता. जळका वास तेंपेचा नाही, हे आधी धाकट्या किनासिहच्या लक्षात आलं.

"ताई, हात काढ. कड धरलीयेस तू."

वेनिंगने हात काढून पाहिला. तीन बोटांवर पांढरट पट्टा उमटला होता. तिने बोटं बादलीत बुडवली आणि दुसऱ्या हाताने पुन्हा काप उलटायला घेतले.

"दुखत नाही?"

"नाही."

लास्त्री केळीच्या पानावर भात वाढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिला कशाला दुखेल? राजाच्या पुसाकांनी तिला आपलं म्हटलंय. गेडुंगातल्या म्हाताऱ्या म्बाह कार्सोंचे हात तरी वेगळे कुठे आहेत? आज तू जातेयस ना, कळेल तुलाही."

बाकावर बसलेला सायकलरिक्षावाला हसला. "म्हणजे आता दोन्ही लेकी गेडुंगात? बाई, तुझी वट वाढली."

"वट कसली बाबा. पण माझ्या पोरी मॉलमध्ये लोकांच्या पायात बूट नाही चढवत. सारोंग नेसून, मान खाली घालून राजाच्या वस्तूंची सेवा करतात." बोलताना तिचा चेहरा उजळला होता. सतरा वर्षांच्या किनासिहने नवा सारोंग सकाळीच नेसला होता, आणि त्यावर सांडू नये म्हणून ती बापडी उभ्यानेच भात खात होती.

गेडुंग म्हणजे गावातलं जुनं नाट्यगृह. पुढे रंगमंच आणि मागे संग्रहालय, दोन्ही एकाच छपराखाली. पर्यटक येतात, कोरीव खांबांचे फोटो काढतात, संध्याकाळी मुखवट्यांचं नृत्य बघतात. काचेच्या कपाटांत साडेतीनशे नागमोडी कट्यारी आहेत. त्यांना क्रिस म्हणतात, आणि पिढीजात म्हणून पुसाका. त्या पुसाका न्हाऊ घालणारे, झाडणारे-पुसणारे, तिकिटं फाडणारे, वेषभूषेचे टाके घालणारे जे हात आहेत, ते कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. त्या हातांना मागांग म्हणतात. शाळा-कॉलेजं आपल्या पत्रकात त्यालाच 'प्रशिक्षणाची सुवर्णसंधी' म्हणतात. पगार नाही. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि वर लष्कराचे उपकार मानायचे.

वेनिंग तीन महिन्यांसाठी आली होती. त्याला सहा वर्षं झाली. आली तेव्हा ती नाचत असे. तिची टाच जमिनीला लागली की पुढच्या रांगेतली माणसं सरळ होऊन बसत. पण नृत्यात जागा हवी तर नेमणुकीचं पत्र हवं, आणि पत्र हवं तर आधी सेवा. सेवा म्हणजे कट्यारींचं स्नान. एरवी हे स्नान वर्षातून एकदाच होतं, जावाच्या पंचांगातल्या सुरो महिन्यात. पण सुराबायाचे, जकार्ताचे हौशी संग्राहक आपापल्या कट्यारी वर्षभर गेडुंगात धाडतात, आणि गेडुंगाचे कारभारी न्दोरो हार्योसुमो कुणाला नाही म्हणत नाहीत. लिंबाच्या रसात सोमल कालवायचा आणि पात्यावर बोटांनी चोळायचा, म्हणजे पोलादावरची नक्षी काळीभोर उठून दिसते. हो, सोमलच. उंदरांना घालतात तो. हातमोजे घालायचे नाहीत, पुसाकांचा अपमान होतो.

दुसऱ्या वर्षी तिच्या बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्या वर्षी मुंग्याही गेल्या. चौथ्या वर्षी नाचताना टाच टेकली की नाही हे तिला खाली बघून कळू लागलं, आणि नृत्यगुरूंनी तिला मागच्या रांगेत, मग पडद्यामागे नेलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी नखांवरचे आडवे पांढरे पट्टे पाहून स्पष्ट सांगितलं होतं, की ते द्रावण सोड, नाहीतर हात-पाय दोन्ही जातील. पण ती बाई पडली सुमात्राची. तिला जावाच्या पुसाकांचं काय कळतंय, असं गाव म्हणालं. अलीकडे वेनिंगला कशाबद्दलच काही म्हणावंसं वाटत नसे. सकाळ होई, संध्याकाळ होई, मध्ये ती वाकलेली असे.

आता तिच्या पत्राची वेळ आली होती. पण गेडुंगाची एक रीत आहे, आणि ही सगळी गोष्ट त्या रीतीपायी. मागांगला पत्र मिळतं ते स्वतःच्या जागी दुसरं कुणी बसवल्यावर. जुन्या मागांगने नव्याची मनगटं धरायची आणि आपल्या हातांनी त्याचे हात द्रावणात बुडवायचे. मग जुना सुटला. म्हणजे सुटका हवी असेल तर कुणाला तरी अडकवायचं. ही रीत ज्याने काढली तो फार हुशार माणूस असला पाहिजे. त्याला स्वतः कुणावर कधी सक्ती करावी लागली नसेल.

लास्त्रीला बदली शोधायला लांब जावं लागलं नाही. किनासिह त्याच महिन्यात शाळा संपवून घरी बसली होती.

दहा वाजता संग्रहालयामागच्या ओसरीवर चटई पसरली होती. फुलं, उदबत्ती, पिवळ्या भाताचा ढीग, सगळं रीतसर होतं. न्दोरो खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिवळ्या लिफाफ्यातलं पत्र. पत्रात वेनिंगला कायमच्या सेवकांना देतात तसं नवं नाव, महिन्याचा पगार आणि वेषभूषेच्या खोलीतली जागा होती. लास्त्री भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचे डोळे आत्तापासूनच भरून आले होते.

म्बाह कार्सोंनी द्रावणाचं लाकडी तबक आणून ठेवलं. एकतीस वर्षं सेवा केलेला म्हातारा. तळहातांवर तांदळाएवढे कडक काळे ठिपके. तबक उचलताना ते हातांवर नव्हे, कोपरांवर तोलायचे.

"बस, पोरी," ते किनासिहला म्हणाले. "घाबरू नको. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं."

"आणि नंतर?" किनासिहने विचारलं.

"नंतर काही वाटत नाही."

म्हाताऱ्याने हे कौतुकाने सांगितलं. लास्त्रीने मान डोलावली.

वेनिंग बहिणीसमोर बसली आणि तिने तिची दोन्ही मनगटं धरली. लहानपणी आंघोळीच्या वेळी पळून जाणाऱ्या किनासिहला ती असंच धरून ठेवायची, तेव्हा मनगटातली धडधड तिच्या बोटांना कळायची. आता काही कळत नव्हतं. दोरी धरली असती तरी इतकंच कळलं असतं. तिने किनासिहची नखं पाहिली. गुलाबी होती, एकावर कालच्या रंगाचा टवका राहिला होता.

तिने हात खाली नेले. द्रावण चार बोटांवर आलं तेव्हा किनासिहने हळूच विचारलं, "ताई, गार असतं का गं?"

साधा प्रश्न. कुणीही उत्तर दिलं असतं. वेनिंग थांबली. सहा वर्षं, रोज सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तिचे हात याच पाण्यात होते, आणि ते गार असतं की कोमट हे तिला सांगता येईना. तिने आठवून पाहिलं. पहिल्या दिवशी नक्की काहीतरी वाटलं होतं. काय, ते आठवत नव्हतं. त्या क्षणी तिला इतकी भीती वाटली, की कित्येक वर्षांनी आपल्याला काही वाटतंय हेच तिला आधी ओळखू आलं नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिने मनगटं सोडून दिली. "ऊठ किन. घरी जा."

"वेनिंग," लास्त्री दबक्या आवाजात म्हणाली, "माणसं बघतायत."

"बघू देत. मी हिचे हात नाही घालणार यात. हिचेही नाही आणि कुणाचेच नाही."

"अगं, मग तुझं पत्र?"

"राहू दे."

न्दोरोंनी आवाज चढवला नाही. तशी त्यांची रीतच नाही. त्यांनी लिफाफा खिशात घातला आणि मवाळपणे म्हणाले, "ठीक आहे. इथे जोरजबरदस्ती कधीच नव्हती. जागा काही रिकामी राहत नाही." मग ते कार्सोंना म्हणाले, "भात वाटून टाका. वाया नको जायला."

म्बाह कार्सो उठले नाहीत. ते आपले तळहात उलटे करून बघत बसले होते.

संध्याकाळी घरी लास्त्री टपरीची भांडी घासत होती. घासता घासता एवढंच म्हणाली, "सहा वर्षं पाण्यात घातलीस. आता स्टेशनवर मला विचारतील, काय सांगू?"

"सांग, मुलीचे हात गेले म्हणून."

"असं कुणी सांगतं का?"

आणि हेच खरं दुखणं आहे. सोमलाने हात जातात हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते कुणी सांगत नव्हतं. गेलेल्या हातांना लोक मान म्हणत होते, आणि तो मान घरोघर पोसला जात होता.

गुरुवारी गेडुंगाच्या फाटकावर नव्या मागांगांसाठी पाटी लागली. आठ आया मुलींना सारोंग नेसवून घेऊन आल्या. पायरीवर वेनिंग उभी होती, तळहात वर करून. तिला भाषण येत नव्हतं. ती प्रत्येकीला तेच सांगत होती. "ही माझी नखं बघा. मला गरम-गार कळत नाही." चौघी कुजबुजत परत फिरल्या. तिघी तिच्या बाजूने वळसा घालून आत गेल्या. आठवी थांबली.

"तू खोटं नाही बोलत, पोरी," ती बाई म्हणाली. "पण घरी बसवून हिचं करू काय, ते सांग."

"ते मलाही माहीत नाही, मावशी."

"मग?" बाईने विचारलं आणि मुलीचा दंड धरून ती आत गेली.

वेनिंग उन्हात तिथेच उभी राहिली. पहारेकऱ्याने दोनदा हटकलं, ती दोनदा रस्त्यावर उतरली आणि पुन्हा पायरीवर आली. दुपारी तीच मुलगी एकटी बाहेर आली. अंगाला लिंबाचा वास येत होता आणि ती बोटं सारोंगला पुसत होती.

"काय होतंय?" वेनिंगने विचारलं.

"झोंबतंय," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "सारखं झोंबतंय. आतले म्हणाले, जाईल हळूहळू."

"झोंबतंय ना? मग अजून वेळ आहे," वेनिंग म्हणाली. "उद्या येऊ नकोस."