फक्त कालचंच विचारते मी

मी एक जुनी प्रश्नावली आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. छत्रीची, पेनाची, फाटक्या पुस्तकाची रडगाणी तुम्ही निबंधाच्या वहीत हौसेने लिहिता, मग माझंही थोडं ऐकायला काय हरकत आहे? मी एका पानाची, पाठपोट छापलेली, वरून प्लास्टिक चढवलेली. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला चित्रं. माझ्यावर कुणी उत्तरं लिहीत नाही. ती मोबाइलमध्ये जातात. मी नुसती विचारायला.

माझा जन्म नाशिकमधल्या एका संस्थेच्या गारेगार खोलीत झाला. मोठी माणसं कारखान्यात तयार झालेलं खाणं किती खातात, हे त्या संस्थेला मोजायचं होतं. असलं खाणं ओळखायचं कसं? सोपं आहे. पुडी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तुमच्या आईच्या कुठल्याच डब्यात सापडणार नाहीत अशा वस्तूंची नावं तिथे दिसली, की तो पदार्थ माझ्या यादीतला. बिस्किटं, पुडीतल्या कुरकुरीत नळ्या, पाकिटातल्या नूडल्स, बाटलीतली रंगीत पेयं, असं बरंच काही.

माझ्याआधी या कामाला एक जाडजूड प्रश्नावली होती. ती वाटीचं माप विचारायची, तेलाचे चमचे विचारायची, महिनाभरातलं सगळं उकरून काढायची. लोक कंटाळायचे. कुकर बंद करून येते म्हणून आत गेलेली बाई बाहेरच यायची नाही. म्हणून मला आखूड केलं. एकेका पदार्थाचं नाव घ्यायचं, काल खाल्लं का विचारायचं, हो किंवा नाही. चहा निवायच्या आत काम खलास.

कालचंच का, असं तुम्ही विचाराल. परवाचं माणसाला आठवत नाही आणि महिन्याचं विचारलं तर तो थापा मारतो. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या दिवशी कालचं विचारलं, की कुणाचा उपास आणि कुणाची मेजवानी एकमेकांत भरून निघते आणि एकूण अंदाज बरोबर येतो. हे शहाणपण खोटं नाही हो. फक्त ते वेगवेगळ्या दिवशी विचारलं तर खरं ठरतं, आणि नेमकं तेवढंच पुढे सगळे विसरले.

मला हातात धरणारी होती ज्योत्स्ना. नाशिकरोडची मुलगी, पाठीला सॅक, दारात गेल्यावर आधी पाणी मागायची. पाणी मागितलं की दार पूर्ण उघडतं, असं ती म्हणायची. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत आम्ही पहिल्यांदा गेलो. तिथल्या स्नेहलताईंनी बसायच्या आतच सांगून टाकलं, "आमच्याकडे बाहेरचं अजिबात चालत नाही हं. सगळं घरचं."

"बरं. काल सकाळी चहाबरोबर बिस्कीट?"

"ते काय, दोन. ते कुठे खाण्यात धरतात?"

"दुपारी सॉस?"

"मुलाच्या पराठ्याला लावला, त्यातला थोडा."

असं करत करत बाईंच्या तोंडून माझी निम्मी यादी वदवून घेतली. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मला काय मजा आली म्हणून सांगू. संस्थेत माझं कौतुक झालं. किशोर सर, म्हणजे या पाहणीचे प्रमुख, मला उंच धरून पाहुण्यांना दाखवायचे. माणूस सांगायचं टाळतो ते ही अलगद काढून घेते, असं म्हणायचे. मी फुगले. फुगणारच, सगळेच फुगतात.

पुढे एक चांगली बातमी आली. कुठूनशी मदत मंजूर झाली होती. ज्या लोकांच्या ‘हो’चा आकडा सगळ्यांत वर जाईल, त्यांच्यासाठी रोज गरम, साधं जेवण देणारं स्वयंपाकघर सुरू होणार होतं. भाकरी, भाजी, आमटी. जागा ठरवायचं काम माझ्याकडे. शहरातल्या वसाहती झाल्या, घोटीचा बाजार झाला. राहिला सुरगाणा. डोंगरातले पाडे, वळणांचा रस्ता, जीप भरेपर्यंत थांबायचं. कुणाला जायची हौस नव्हती. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. मार्चअखेर अहवाल द्यायचा होता आणि पाड्यांवर मोठं माणूस सापडत नव्हतं.

सापडेल कसं? दिवाळी झाली की तिकडची माणसं दिंडोरी, पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला जातात. घरी म्हातारे राहतात आणि कोंबड्या. पण होळीला मात्र सगळे चार दिवसांपुरते परत येतात. काहीही होवो, होळी आपल्या पाड्यावरच पेटवायची, हा त्यांचा नेम. किशोर सरांनी हे ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "मग झालं तर. होळीच्या दुसऱ्या दिवशी जा. सगळे एका जागी मिळतील."

ज्योत्स्ना घुटमळली. "सर, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी..."

"अगं, निवडलेल्या माणसांच्या यादीत त्यांचे पत्ते गावचे आहेत. गावीच विचारायला हवं. आणि ३१ तारीख कुणासाठी थांबत नाही."

तर आम्ही गेलो. पाड्यावर अजून होळीची राख गरम होती. पोरं ती कपाळाला फासून हिंडत होती. पहिलंच घर नवसाबाईंचं. अंगणात सारवण ताजं, नवरा बुधा खांबाला टेकून बसलेला. नवसाबाईंच्या एका पायाला चिंधी गुंडाळलेली होती. ज्योत्स्नाने पायाचं विचारलं.

"साखर हाय मला," नवसाबाई म्हणाल्या. "बागेत कात्री लागली अंगठ्याला. जखम भरंच ना. डॉक्टर सांगं, भाकर खा, बिस्किट बंद कर."

"मग केलं बंद?"

नवसाबाई हसल्या. "हितं बंद. तिथं कसं करू? काळोखात बागेत जायचं. चूल पेटवाया येळ नाय, लाकूड नाय. मुकादम सकाळी चहा आन पुडा देतो. दुपारी पाव, नाय तं शेवेची पुडी. रातच्याला हात उचलत नाय, पोरी पाकिटातल्या शेवया उकळतात. पुड्यावरच जगतो आमी तिथं."

मित्रांनो, हे ऐकून मी हरखले. नवसाबाईंच्या दुःखाने नाही, खोटं कशाला बोलू. जिच्यासाठी ते स्वयंपाकघर व्हायला हवं ती बाई समोर बसली होती आणि आपणहून सगळं सांगत होती. आता फक्त मी विचारायचं. ज्योत्स्नाने मला मांडीवर घेतलं.

"मावशी, काल बिस्कीट खाल्लं?"

"काल? काल तं होळी होती. होळीला कोण पुडा खातं?"

"कुरकुरीत नळ्या?"

"नाय."

"पाकिटातल्या शेवया?"

"नाय वं ताई. काल नागलीची भाकर केली, उडदाची आमटी, कोंबडा कापला. पोरं लय दिसांनी पोटभर जेवली."

नाही, नाही, नाही. मोबाइलवर ज्योत्स्नाचं बोट एकाच जागी पडत राहिलं. प्रत्येक उत्तर खरं होतं आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं. शेवटी तिला राहवलं नाही. तिने नवसाबाईंना स्वयंपाकघराचं सांगितलं. बागांच्या बाजूलाच चालेल, पहाटे भाकरी मिळेल, पण त्याला या उत्तरांचा आकडा वर जायला हवा.

नवसाबाईंचं हसू गेलं. "मंग हो म्हना ना. लिवा, खाल्लं म्हनून."

"काल नाही ना खाल्लंत. मला खोटं भरता येत नाही, मावशी. वरच्यांनी पुन्हा येऊन तपासलं तर सगळा पाडाच यादीतून काढतील."

"बागेतलं लिवा."

"यात फक्त कालचंच येतं."

नवसाबाईंनी कनवटीची नोट काढली. मग बुधाला म्हणाल्या, "जा, तानुबाईच्या दुकानातून पुडा आन." बुधा चकित होऊन बघत राहिला, पण गेला. पुडा आला. नवसाबाईंनी तो फोडला आणि साखरेचं दुखणं असलेली ती बाई आमच्यासमोर एकामागून एक बिस्किटं खाऊ लागली. चहा नाही, पाणी नाही. घशात कोरडी अडकत होती, तरी खात होती. ज्योत्स्ना हात धरायला गेली तर तिने तो बाजूला सारला. पुडा संपल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, "हं. आता लिवा."

ज्योत्स्नाने मोबाइल खाली ठेवला. "मावशी, हे आजचं झालं. आजचं चालत नाही."

"मंग उद्या या."

"उद्या मला दुसऱ्या पाड्यावर जायचंय."

काय करायला हवं होतं तिने? मला फेकून द्यायला हवं होतं चुलीत. तिने परतताना जीपमधून सरांना फोन लावला. बागेत जाऊन पुन्हा विचारू द्या, म्हणाली. सर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ज्योत्स्ना, नियम सगळ्यांना सारखा. यांच्यासाठी दिवस बदलला, तर बाकीच्यांशी तुलना कशाची करायची?" सारखा! जे कालच फक्त पोटभर जेवले त्यांना कालचं विचारायचं, आणि याला सारखं म्हणायचं. त्या पाड्यांवरच्या एकूण एक माणसाला होळीच्या दुसऱ्या दिवशी नाही तर तिसऱ्या दिवशी, सणाच्या उरल्यासुरल्या भाकरीवर असताना विचारलं गेलं.

अहवाल वेळेत निघाला. छान गुळगुळीत कागद. वरच नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा फोटो. सुरगाण्याची डोंगरी माणसं कारखान्यातलं खाणं जवळजवळ खातच नाहीत, त्यांनी आपला पारंपरिक आहार जपला आहे, शहराने त्यांच्याकडून शिकावं, असं त्यात लिहिलं होतं. टाळ्या पडल्या. माझ्याबद्दलही एक परिच्छेद होता, कमी वेळात अचूक माहिती देणारी म्हणून. वाचून मला माझ्या अंगावरच्या प्लास्टिकची लाज वाटली. मला पुसलं की मी स्वच्छ होते, एवढंच त्याचं कौतुक.

स्वयंपाकघर कुठे झालं म्हणता? आकडा वर होता त्या सोसायटीच्या बाजूला. नाव दिलं सकस आहार केंद्र. स्नेहलताईंनीच नारळ फोडला. पहिल्या महिन्यात तिथे भाकरी मिळायची. मग भाकरीला गिऱ्हाईक कमी म्हणून नाचणीची बिस्किटं ठेवली. पुडीतली. मागे बारीक अक्षरं असलेली.

पाहणी संपली आणि मीही संपले. माझी रवानगी ज्योत्स्नाच्या टेबलावर झाली. माझ्या पाठीवर आता चहाचे कप ठेवतात. ठेवू देत. चित्रांवर गोल डाग पडलेत, ते कुणी पुसत नाही.

दिवाळीनंतर पाडा पुन्हा बागांत गेला, नवसाबाईही गेल्या. न जाऊन करतील काय? थंडीत त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. बुधाने फोन करून ज्योत्स्नाला सांगितलं, तेव्हा ती दवाखान्यात जाऊन आली. त्या भेटीत नवसाबाईंनी एकच विचारलं होतं, होळीला येणार ना. ज्योत्स्ना आजाऱ्याला काय नाही म्हणणार? बघू, म्हणाली. आपल्या शहरात बघू म्हणजे नाही. पाड्यावर बघू म्हणजे येते.

यंदाची होळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाचा फोन वाजला. ती टेबलाशीच होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नवसाबाईंचा आवाज ताजातवाना होता.

"ताई, जीप किती वाजता येईल? आमी सगळी अंगनातच बसलोय. औंदा होळीला कोनीच भाकर नाय केली. कोंबडा नाय कापला. पाड्यानं ठरवलं. पोरं रडली, तरी नाय. काल समद्यांनी पुडंच खाल्लं. मी पन खाल्लं. आता इचारा, समदी हो म्हनतील."

ज्योत्स्नाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पाहणी मागच्या वर्षीच संपलीय, हे तिने कसं सांगायचं? माझ्यावरचा कप तिने उचलला, मला उलटं केलं, प्रश्नांची बाजू वर आली. पलीकडून नवसाबाई विचारत होत्या, ऐकू येतंय का.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, कुणाच्या ना कुणाच्या अंगणात कागद घेऊन उभे राहाल. माझी काळजी घ्या, मला जपा, असं मी मुळीच म्हणणार नाही. मला खुशाल फाडा. पण ज्याला विचारायला जाल, त्याला तुमच्या सोयीच्या दिवशी गाठू नका. माणूस तुमच्या प्रश्नात बसावा म्हणून सण मोडतो, दुखण्यावर विष खातो, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

ज्योत्स्ना शेवटी बोलली. "मावशी, आज भाकरी करा," ती म्हणाली. "कोणी येणार नाहीये." पलीकडे पोरांचा आवाज येत होता. मग नवसाबाईंनी फोन ठेवला.