सहाव्या बटणाची जागा

मी एक बंडी आहे. जाड राखाडी लोकरीची, सहा बटणांची. सिडनीपासून आठ दिवसांच्या वाटेवर एका मेंढपाळाच्या झोपडीत मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्या मालकाचं लग्न झालंय का, हे सरकारनं त्याला विचारलं, कागदांना विचारलं. मला कुणी विचारलं नाही.

मला होनोरानं विणलं, तिकडे आयर्लंडात, क्लेअर परगण्यात. सूत तिनंच कातलं. शिंगाची बटणं तिच्या भावानं घासून गुळगुळीत केली. लग्नाच्या दिवशी फेलिमनं मला अंगात घातलं तेव्हा ती म्हणाली, "पोट सुटलं तर उसवून देणार नाही हं."

"नुसत्या बटाट्यांवर कुणाचं पोट सुटलंय, बाई?" तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

लग्नाला वर्ष होत होतं. तेव्हा आमच्या परगण्यात सूर्य मावळल्यावर घराबाहेर सापडणं हाच गुन्हा होता. फेलिमची शेळी दावं तोडून गेली होती. तो तिला शोधायला बांधापर्यंत गेला आणि शिपायांना सापडला. शेळी रात्री आपणहून घरी आली. फेलिमला सात वर्षांची काळ्या पाण्याची सजा झाली.

कॉर्कच्या बंदरावर होनोरा भेटायला आली. रडली नाही. माझं सगळ्यात खालचं बटण तिनं दातांनी दोरा तोडून काढून घेतलं. "हे माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. "तिथून मला बोलावून घे. आले की माझ्या हातानं लावीन."

कैद्यानं नीट वागून अर्ज केला तर सरकार त्याच्या बायकोला फुकट आणवतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंही होतं.

जहाजावर कारकून एकेकाचं नाव, गाव लिहून घेत होता. फेलिमच्या मागे म्हातारा मर्टा क्विन उभा होता. त्याचा सगळा जन्म जमीनदाराच्या कारभाऱ्यांपासून लपण्यात गेलेला. तो कुजबुजला, "बायकोचं नाव सांगू नकोस, पोरा. इथलं नाव तिकडे जमीनदाराला पोचतं. कैद्याची बायको म्हणून झोपडी पाडतील तिची."

"लग्न झालंय?" कारकुनानं विचारलं.

फेलिमचा अंगठा माझ्या खालच्या तुटक्या दोऱ्याशी गेला. आमच्याकडे साहेबाला खरं सांगून कुणाचं भलं झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"सुटलास," म्हणत कारकुनानं लिहून टाकलं.

इथं आल्यावर त्याला आणि मर्टाला एकाच मालकाच्या मेंढ्यांवर नेमलं. सरकारी सदऱ्याच्या आत फेलिम मला घालायचा, भर उन्हाळ्यातही. बाकीचे कैदी टिंगल करायचे. "अरे फेलिम, आत काय उबवतोयस? अंडी?" तो नुसता हसायचा. त्याच्या घामानं माझी लोकर आटली, कडक झाली. खालच्या बटणाच्या जागी लोंबणाऱ्या दोऱ्याशी त्याचा अंगठा सारखा खेळत असायचा.

तीन वर्षं त्यानं मान खाली घालून काम केलं. पाठीवर एकही फटका खाल्ला नाही. मग मालकाच्या शिफारशीनं बायकोला आणवण्याचा अर्ज केला. वर्षभरानं तो तसाच परत आला. मुकादमानं वाचून दाखवला: जहाजाच्या नोंदीप्रमाणे हा इसम अविवाहित आहे.

"तूच सांगितलंस ना तसं?" मुकादम म्हणाला. "आता सरकारनं बायको कुठून आणायची?"

कैदी खो खो हसले. मर्टा तेवढा हसला नाही. तो उठून मेंढ्यांकडे गेला.

वर्षातून दोनदा येणाऱ्या पाद्रीबाबांकडून फेलिमनं गावच्या पाद्रीबाबांना पत्र लिहवलं. लग्नाचा दाखला पाठवा, आणि मी 'नाही' का म्हणालो ते होनोराला समजावून सांगा. उत्तराला दीड वर्ष लागलं.

पाद्रीबाबांनी पाकीट उघडलं. आत दाखला होता, शिक्क्यासकट. म्हणजे आता ती येऊ शकत होती. फेलिमनं मला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं.

"खाली तिचा निरोप आहे," पाद्रीबाबा म्हणाले, आणि त्यांनी वाचलं. "तुमचं पत्र पोचायच्या आधीच सरकारी माणूस चौकशीला आला. साऱ्या गावासमोर त्यानं नोंद वाचली. बायका तोंडावर हसल्या. तुमचं पत्र मला नंतर वाचून दाखवलं. पण माझ्यासाठी खोटं बोलायचं, तर बंदरावर मला विचारायचं होतंत. झोपडी जमीनदारानं कधीच पाडली. मी गॉलवे शहरात मोलकरीण आहे. मी येत नाही."

पाकिटाच्या तळाशी माझं बटण होतं.

दुसऱ्या दिवशी फेलिमनं सुई मागून आणली आणि पोतं शिवायच्या काळ्या दोऱ्यानं ते बटण माझ्यावर लावलं. वेडंवाकडं, पण घट्ट. मग मला खिळ्याला अडकवलं आणि पुन्हा कधी अंगात घातलं नाही.

सात वर्षं संपली, तो सुटला. पण सरकार आणतं तसं परत नेऊन सोडत नाही. तो अजून त्याच मालकाच्या मेंढ्या राखतो.

माझी सहाही बटणं आता जागेवर आहेत. काखेत कसर लागली आहे. उद्या फेलिम गेल्यावर कुणी माझ्या चिंध्या करून भांडी पुसली तरी माझी हरकत नाही. इथल्या मातीत त्याला पुरतील तेव्हा पुन्हा कुणी कारकून वही उघडेल, आणि तोच प्रश्न विचारेल. त्या वेळी जो कुणी तिथं असेल, त्यानं माझ्याकडे बोट दाखवून एवढंच लिहवावं, की याला बायको होती.

मी तिच्या हातची आहे.