हनुवटीखालची चादर

सरकारने किमान वेतन वाढवलं आणि माझ्या नणंदेने त्याच संध्याकाळी भाड्याची खोली बघून ठेवली. नवऱ्याला सोडून आल्यापासून ती आमच्या एकाच खोलीत झोपते. मी, माझा नवरा, पोरगी आणि ही. रात्री कूस बदलायची तर आधी सगळ्यांची परवानगी काढावी लागते! तेव्हा खरं सांगते, तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री होऊन आमच्या टेबलावर घडीला येतात. मोठी चादर दोघींनी धरायची, म्हणून आम्ही बायका जोडीजोडीने कामाला. माझी जोडीदार नणंदच. बाकीच्या तिला निवांतबाई म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. कडेला कड तंतोतंत जुळेपर्यंत ही टोक सोडत नाही. जसं काही त्या चादरीवर राजाच झोपणार आहे!

वाढीव पगार सुरू व्हायच्या दिवशी मालक हसत हसत म्हणाला, "तासाला जास्त द्यायचे ना? देतो. पण आता आठ तास नाहीत, सहाच." म्हणजे हातात पडणार तेवढेच, चादरीही तेवढ्याच.

"आणि ढीग उरला तर?" मी विचारलं.

"उरू दे. कामाला वेळ कमी पडतोय असं दिसलं तर तास परत वाढवू."

आता इतकं स्पष्ट सांगितल्यावर शहाण्या बाईने ढीग तसाच टाकून घर गाठलं असतं की नाही? पण आमच्याकडे ढीग टाकून जाणं म्हणजे नाक कापून घेणं. जिचा उरतो तिला बाकीच्या टोमणे मारून बेजार करतात. पहिल्याच दिवशी आमचा उरला आणि झाल्या सुरू, "काय निवांतबाई, चादरीला अंगाई म्हणत होतीस का?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या नणंदेला बोलायचं तर मी बोलेन, या कोण टिकोजीराव? दुसऱ्या दिवसापासून मी तिला उशांचे अभ्रे दिले आणि चादरी एकटीने घ्यायला लागले. चादर मधोमध हनुवटीखाली दाबायची, हातांनी टोकं जुळवायची आणि झटका द्यायचा. मान मोडते, पण जमतं. सहा तासांत ढीग फस्त! मग काय, माझं बघून सगळ्याच हनुवट्या कामाला लागल्या.

आठवड्याभराने मालक टेबलापाशी येऊन बराच वेळ बघत राहिला. "वा!" म्हणाला. "चादरीला दोघी लागतात असं कोण म्हणतं?"

संध्याकाळी त्याने प्रत्येक जोडीतली एक कायमची घरी पाठवली. आमच्यातली कोण, ते सांगायला नकोच. राहिलेल्यांना आठ तास परत दिले, तेही नव्या दराने. म्हणजे मी कधी नव्हे एवढं कमावते आणि माझी नणंद घरी बसून. टीव्हीवर म्हणतात, कामगारांचं उत्पन्न वाढलं. डोंबल वाढलं! एकाच खोलीत एकीचं वाढलं, एकीचं गेलं, आणि खोली आहे तेवढीच.

घरी आल्यावर मीच तिच्यावर भडकले. "जरा हात चालवला असतास तर?"

"वहिनी," ती म्हणाली, "अगं, मी हळू होते म्हणून तर दोघी लागत होतो."

मी उत्तर द्यायला वळले तर मान वळेना. तीच उठली आणि माझी मान चोळायला बसली, तिच्या त्या निवांत हातांनी. "उद्या मालकाला सांग, मान धरलीय, एकटीने होत नाही," ती म्हणाली. "बोलावेल तो मला. त्या खोलीवाल्याला मी अजून नाही म्हटलेलं नाही."

"सांगते," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

सकाळी टेबलापाशी गेले तर शेजारच्या टेबलावरच्या बाईचा अर्धा ढीग उडालेला. मालक समोरच उभा होता. शेजारीण माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काय, आज तुझा उरणार वाटतं?"

मी चादर उचलली आणि हनुवटीखाली दाबली.